आमदारकीची उमेदवारी ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष व उमेदवार निवड समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यात मी एकतीस वर्षे पंचायत विभागात नोकरी केली. आधी ग्रामसेवक होतो आणि निवृत्त झालो तेव्हा विस्तार अधिकारी होतो. नोकरीत असताना राजकारणावर जाहीर बोलण्याची मुभा नव्हती आणि ती असावी असे मला वाटतही नव्हते. आता मात्र एक गोष्ट आपल्यापुढे मांडल्याशिवाय राहवत नाही. निवडणूक आयोग निवडणुका घेतो आणि मतदार मत देतात हे खरे. परंतु मतदारासमोर कोणती नावे यायची हे आपण दिलेल्या एबी फॉर्मवरून, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रावरून, ठरते. म्हणून हे पत्र मी सरकारला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

सुरुवात माझ्याच जिल्ह्यापासून करतो, कारण तिथले मला जवळून ठाऊक आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये देशाचे गृहमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री हे दोघेही लातूरचे होते. शिवराज पाटील चाकूरकर साठच्या दशकाच्या अखेरीस लातूर नगरपालिकेचे नगराध्यक्ष होते; तिथून ते विधानसभेत गेले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर निवडून आले, १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष राहिले आणि २००४ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले. दुसरे विलासराव देशमुख. शहराजवळच्या बाभळगावच्या ग्रामपंचायतीत ते १९७४ मध्ये निवडून आले आणि सरपंच झाले. एकाच तालुक्यात एकाने शहराची पाणीपट्टी आणि गटारे पाहिली, दुसऱ्याने गावाची घरपट्टी आणि रस्ते पाहिले, आणि चाळीसेक वर्षांत दोघेही जिथपर्यंत पोचता येते तिथपर्यंत पोचले. मुंबईवरील हल्ल्यानंतर त्या दोघांनाही काही दिवसांच्या अंतराने पद सोडावे लागले. ते मी झाकून ठेवणार नाही. पुढे त्याबद्दल लिहिले आहे.

विलासरावांचा चढ जरा सविस्तर सांगतो. त्यांचा जन्म २६ मे १९४५ चा. घरची परिस्थिती चांगली होती आणि पुण्यात राहून त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती, तेव्हा गरीब घरातल्या मुलाने गाठलेल्या शिखराची ही कहाणी नव्हे. पुण्यात किंवा मुंबईत वकिली करत पक्षाच्या कार्यालयात वावरणे त्यांना सहज जमले असते. ते गावी परतले. सरपंचपदाबरोबरच लातूर पंचायत समितीचे उपसभापतिपद आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्यत्व अशा तीनही पातळ्यांवर त्यांनी १९७४ ते १९८० या सहा वर्षांत काम केले. लातूर जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. १९८० मध्ये ते प्रथम आमदार झाले, नंतर राज्यमंत्री, मग मंत्री, आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी मुख्यमंत्री.

या सहा वर्षांत माणूस नेमके काय शिकतो, हे ज्याने ग्रामपंचायतीचे दप्तर सांभाळले आहे त्याला विचारावे. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्या राज्यात पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे आपला झेंडा कामाला येत नाही, माणसाचे नाव आणि त्याच्या घराची गावातली पत कामाला येते. निवडून आल्यावर पहिल्याच मासिक सभेत त्याच्यापुढे घरपट्टीची थकबाकी येते आणि थकबाकीदारांच्या यादीत त्याचा चुलता, त्याचा मतदार आणि त्याचा विरोधक असे तिघेही असतात. वसुली केली तर मते जातात, न केली तर नळाच्या मोटारीचे वीजबिल भरता येत नाही. ग्रामसभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्तीला लागते. तेवढी माणसे पारावर जमली नाहीत म्हणून सभा तहकूब करावी लागते, तेव्हा सरपंचाला प्रथमच कळते की आपण बोलावले म्हणून लोक येत नाहीत. पंचायत समितीत गेल्यावर त्याला उमगते की आपल्या गावाच्या रस्त्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर, कोणत्या त्रुटीसाठी, किती महिने पडून होता. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत बसल्यावर कळते की सेस फंडाची, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाची, रक्कम थोडी असते आणि प्रत्येक गटातून, म्हणजे परिषदेच्या प्रत्येक मतदारसंघातून, मागणी सारखीच खरी असते. निर्णय करणारा आणि त्या निर्णयाचा मार खाणारा यांच्यात जिथे एका गल्लीचे अंतर आहे, अशी ही राज्यव्यवस्थेतली एकमेव जागा आहे. मंत्रालयात तसे अंतर कुणालाही दिसत नाही.

बाभळगावच्या सरपंचाची निवड झाली ते वर्षही लक्षात घ्यावे. १९७२ च्या दुष्काळाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. खडी फोडण्याच्या आणि बंडिंगच्या कामांवर मराठवाड्यातली निम्मी गावे जगली होती आणि त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. हजेरी पटावर नाव असणे म्हणजे काय आणि मजुरी पंधरा दिवस उशिरा मिळणे म्हणजे काय, हे त्या काळच्या सरपंचाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सदतीस वर्षांनी, १९ जानेवारी २०११ रोजी, तेच गृहस्थ केंद्रात ग्रामविकास आणि पंचायती राज या खात्यांचे मंत्री झाले आणि महाराष्ट्राच्या हमीवरून देशाने घेतलेली रोजगार योजना त्यांच्या अखत्यारीत आली. ग्रामपंचायतीच्या खुर्चीवरून निघालेला माणूस देशातल्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या खात्याचा मंत्री झाला, असा सरळ धागा आपल्या लोकशाहीत फार थोड्यांच्या आयुष्यात सापडेल. ते खाते त्यांच्याकडे सहा महिनेसुद्धा राहिले नाही. जुलैमध्ये त्यांना विज्ञान व तंत्रज्ञान आणि भूविज्ञान ही खाती दिली गेली आणि १४ ऑगस्ट २०१२ रोजी ते गेले. दिल्लीतल्या खातेबदलाची कारणे काहीही असोत, ज्याला एखाद्या खात्याचे तळापासूनचे ज्ञान आहे त्याला तिथे पुरेसा वेळ मिळू नये याची हळहळ मला आजही वाटते.

१९९९ च्या मंत्रिमंडळाची आठवण मात्र मी समाधानाने सांगू शकतो, कारण तिचा परिणाम मी माझ्या गावात पाहिला. मुख्यमंत्री हे माजी सरपंच आणि ग्रामविकासमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील. आबांनी राजकारणाची सुरुवात १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेत सावळज गटाचे सदस्य म्हणून केली होती आणि १९९० मध्ये तासगावातून आमदार होईपर्यंत ते तिथेच होते. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे एकाच जिल्हा परिषदेत. २०००-०१ मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याची रचना आपण कधी बारकाईने पाहिली आहे का? शासनाने गावांना आधी पैसे दिले नाहीत. गावाने आपल्या श्रमाने काम करायचे, तपासणी समिती येणार, तालुक्यापासून राज्यापर्यंत गावागावांत चुरस लागणार आणि बक्षीस व्यक्तीला न मिळता गावाला मिळणार. ज्याला माहीत आहे की गावाला अनुदानापेक्षा शेजारच्या गावाशी असलेली ईर्ष्या अधिक हलवते, त्यालाच अशी योजना सुचते. मी तेव्हा ज्या गावात ग्रामसेवक होतो, तिथे वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात न जाणारे दोन गट समिती येण्याच्या आदल्या रात्री कंदील लावून एकच गटार उपसत होते. वरून आलेल्या आदेशाने असे झालेले मी एकतीस वर्षांत पाहिले नाही.

तेव्हा राज्याचे गृहमंत्री असलेल्या याच आबांना आणि याच विलासरावांना २००८ च्या डिसेंबरमध्ये पायउतार व्हावे लागले, हेही तितकेच खरे. हल्ल्यानंतर ताज हॉटेलची पाहणी करताना मुख्यमंत्र्यांसोबत एक चित्रपट दिग्दर्शक होता, ही गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागली आणि ते योग्यच होते. त्याहून मला बोचणारी गोष्ट दुसरी आहे. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला दहा लाख रुपयांचा दंड केला. विलासराव मुख्यमंत्री असताना विदर्भातल्या एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्धची सावकारीची तक्रार नोंदवून घेण्यात त्यांनी हस्तक्षेप केला, हे त्याचे कारण. सावकाराच्या दारात उभा असलेला शेतकरी पाहत जो माणूस मोठा झाला, त्याच्या काळात हे घडावे, आणि त्यानंतर सव्वा महिन्यात त्यालाच ग्रामविकास खाते मिळावे, याचे समर्थन मी करणार नाही. ग्रामपंचायतीतून आलेला नेता चुकत नाही, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तो चुकतो तेव्हा त्याला कळलेले असते की आपण कुणाचे नुकसान करत आहोत, आणि म्हणून त्याला जाब विचारता येतो. ज्याने सातबारा आणि आठ-अ यांतला फरक आमदार झाल्यावर स्वीय सहायकाकडून शिकून घेतला, त्याला कसला जाब विचारणार?

खालून चढत आलेल्या माणसाजवळ आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे हरल्यावर परत जायला जागा. १९९५ च्या निवडणुकीत विलासराव लातुरातून सुमारे पस्तीस हजार मतांनी पडले. पंधरा वर्षे आमदार असलेला, मंत्री असलेला माणूस. पुढच्या वर्षी विधान परिषदेच्या निवडणुकीत ते अर्ध्या मताने हरले. एखाद्याने तिथेच राजकारण सोडले असते किंवा दिल्लीत ओळखी शोधल्या असत्या. त्यांना मात्र बाभळगावचा वाडा होता, ओळखीची गावे होती, आणि प्रत्येक गावात नावानिशी ठाऊक असलेली दहा-वीस माणसे होती. १९९९ मध्ये तेच मतदार नव्वद हजारांहून अधिक मताधिक्याने त्यांच्यामागे उभे राहिले. वरून उतरवलेल्या उमेदवाराचा पराभव झाला की तो दुसरा मतदारसंघ शोधतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहिले असेल.

हे केवळ लातूरचे किंवा एका पक्षाचे उदाहरण आहे, असे कुणी म्हणू नये. राज्याचे सर्वाधिक काळ सलग मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक हे पुसदचे नगराध्यक्ष होते. ज्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ रोजी आपल्या जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, ती समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखालची. मनोहर जोशी १९६८ मध्ये मुंबईचे नगरसेवक झाले, पुढे महापौर, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री आणि अखेरीस लोकसभेचे अध्यक्ष. आजचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक होते आणि नंतर महापौर झाले. यशवंतराव चव्हाण या वाटेने आले नाहीत हे मला माहीत आहे. ते स्वातंत्र्याच्या चळवळीतून आले, आणि चळवळ ही याहूनही कठोर शाळा होती. आज ती शाळा नाही. उरली आहे ती एवढीच, आणि तिची आपण काय अवस्था केली आहे ते पाहावे.

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद, गट-गणांच्या (जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांच्या) रचनेत वारंवार झालेले बदल, आणि न्यायालयातली ‘जैसे थे’ स्थिती यांत वर्षांमागून वर्षे गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तरी पहिले मतदान, तेही नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी, २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. या पावणेचार वर्षांत जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक होता. म्हणजे ठराव मांडणारा, तो मंजूर करणारा आणि त्याची अंमलबजावणी करणारा माणूस एकच. यांतले कित्येक अधिकारी सचोटीचे होते, मी त्यांच्या हाताखाली काम केले आहे. परंतु सर्वसाधारण सभेत उभे राहून ‘माझ्या गटातल्या शाळेला शिक्षक का नाही’ असे विचारणारा एकही आवाज त्या सभागृहात नव्हता.

या काळात ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र होत राहिल्या. हजारो सरपंच थेट जनतेतून निवडून आले आणि त्यांच्या वरची पायरीच जागेवर नव्हती. १९७४ च्या बाभळगावच्या सरपंचाला दोन पावलांवर पंचायत समिती होती आणि तिच्या शेजारी जिल्हा परिषद. २०२२ च्या सरपंचाला गटविकास अधिकाऱ्याच्या दालनाबाहेरचे बाकडे होते. त्या वर्षी तिशीत असलेली एक पिढी आता चौतीस-पस्तिशीची झाली आहे आणि जिल्ह्याचे अंदाजपत्रक कसे वाचतात हे तिला कुणी शिकवलेले नाही. विरोधी पक्षांनी या विलंबाबद्दल पत्रके काढली, सत्ताधाऱ्यांनी न्यायालयाकडे बोट दाखवले. सत्ता बदलली तेव्हा बोटे आणि पत्रके यांची अदलाबदल झाली. या प्रश्नासाठी एखाद्या पक्षाने जिल्ह्या-जिल्ह्यांत सातत्याने आंदोलन चालवल्याचे मला दिसले नाही. हे मी रागाने लिहीत आहे आणि तो राग आपल्यापर्यंत पोचावा अशी माझी इच्छा आहे.

महिलांच्या बाबतीत तर पायरी असूनही वर भिंत आहे. १९९३ पासून एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा या संस्थांमध्ये महिलांसाठी आहेत. सुरुवातीला कारभार नवरे आणि दीर पाहत, हे खरे आहे. सहीसाठी रजिस्टर घरी पाठवावे लागे, मी स्वतः पाठवले आहे आणि आज त्याची मला लाज वाटते. परंतु तीस वर्षांत चित्र बदलले. मी ज्यांच्या कार्यकाळात काम केले अशा एक सरपंचबाई पहिल्या वर्षी सभेत डोक्यावरचा पदर सावरत गप्प बसत. तिसऱ्या वर्षी त्यांनी नळयोजनेच्या ठेकेदाराचे मोजमाप स्वतः टेप धरून घेतले आणि देयक अडवले. पुढे त्या जिल्हा परिषदेवर निवडून गेल्या, समितीच्या सभापती झाल्या, आणि विधानसभेची वेळ आली तेव्हा त्यांच्या पक्षाच्या निरीक्षकांनी मुलाखतीत त्यांना पहिला प्रश्न विचारला तो खर्च किती करू शकाल हा. त्यांचे नाव पुढे गेले नाही. स्थानिक संस्थांत महिला निम्म्या आहेत आणि २८८ जणांच्या विधानसभेत त्यांची संख्या आजवर कधी तिसापर्यंतही पोचलेली नाही. मधल्या गाळणीवर कोण बसले आहे, हे आपल्याला सांगायला नको.

आता मागणे. विधानसभेच्या उमेदवारीसाठी आपण जो अर्ज भरून घेता, त्यात इच्छुकाने कोणत्या स्थानिक संस्थेत किती वर्षे काम केले, तिथल्या किती सभांना तो हजर होता आणि त्याने मांडलेले कोणते ठराव अमलात आले, ही माहिती मागावी. सभेचे इतिवृत्त प्रत्येक जिल्हा परिषदेत असते. कुणी खोटे लिहिले तर अर्ध्या दिवसात उघडे पडते. उमेदवारांची यादी जाहीर करताना हा तपशीलही जाहीर करावा. स्थानिक संस्थेत काम न केलेल्या माणसाला उमेदवारी देऊच नये, असा हट्ट मी धरत नाही. शिक्षक, डॉक्टर, कामगारांचा पुढारी, शेतकऱ्यांच्या आंदोलनातला कार्यकर्ता यांनाही दार उघडे असले पाहिजे. परंतु ज्याच्या नावापुढे आडनावाखेरीज काहीच लिहिता येत नाही, त्याला उमेदवारी देताना आपल्याला दोन ओळींचे कारण जाहीरपणे लिहावे लागावे.

दुसरे मागणे अधिक अवघड आहे. जिल्हा परिषद अध्यक्षांची किंवा पंचायत समिती सभापतींची निवड जवळ आली की सदस्यांना सहलीला नेण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद करावी. पहिल्यांदा निवडून आलेला सदस्य, ज्याने अजून एकही सभा पाहिलेली नाही, त्याला मोबाइल काढून घेऊन परजिल्ह्यातल्या रिसॉर्टमध्ये आठवडाभर ठेवले जाते आणि मतदानाच्या सकाळी बसने आणले जाते. पदाचा पहिला धडा त्याला आपण हा देता. तो उद्या आमदार झाला आणि तिथेही असाच बसमध्ये बसला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहतो का? त्याचप्रमाणे आमदाराच्या घरातल्या नाराज व्यक्तीची समजूत काढायला गटाचे तिकीट देऊ नये. त्या गटातल्या वीस-पंचवीस गावांत पाच वर्षे राबलेला कार्यकर्ता असतो आणि त्याला त्या दिवशी जे कळते, ते तो पुढे कधी विसरत नाही.

आपल्या पक्षांच्या पुढच्या उमेदवारी अर्जाचा नमुना छापला गेला की त्याची एक प्रत मला पाठवावी, अशी विनंती आहे. त्यात स्थानिक संस्थेतल्या कामाचा रकाना आहे की नाही, एवढेच मी पाहणार आहे. आणि तो असेल तर आमच्या तालुक्यातल्या ज्या आजी-माजी सरपंचांना अर्ज भरायचा असेल, त्यांना इतिवृत्तातून आपली हजेरी आणि ठराव शोधून काढायला मी स्वतः बसून मदत करीन. जुनी दप्तरे कुठे ठेवली आहेत हे मला ठाऊक आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत)
लातूर